लंपन गोड नाही

आपल्या लायब्ररीत प्रकाश नारायण संतांची पुस्तकं बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवली आहेत. विचारलं तर उत्तर मिळालं, "लहान मुलाच्या गोड गोष्टी आहेत त्या." सर, राग मानू नका, पण मला हे पटत नाही.

मी कॉन्व्हेंटवाला. मराठी पान वाचायला मला दुप्पट वेळ लागतो (रूमवर सगळे हसतात, हसू देत). त्यामुळे आधी वाचली नील गेमनची 'द ओशन अ‍ॅट द एंड ऑफ द लेन' ही २०१३ ची कादंबरी. एक मध्यमवयीन माणूस अंत्यविधीसाठी गावी येतो, शेजारच्या मळ्यातल्या तळ्याकाठी बसतो आणि सातव्या वर्षीचं सगळं आठवू लागतं. घरात शिरलेली ती भयानक बाई, तिच्या नादाने बापाने त्याला टबातल्या गार पाण्यात दाबून धरणं... मग तो उठतो आणि सगळं परत विसरतो. आधीही तो तिथे येऊन गेलेला असतो, तेसुद्धा विसरलेला! मला त्या बाईपेक्षा या विसरण्याची भीती जास्त वाटली.

तीच भीती घेऊन सबमिशनच्या आठवड्यात 'वनवास' उघडलं. यात जादूबिदू काही नाही. पण आईबाबांपासून लांब, आजी-आजोबांकडे ठेवलेला लंपन आपलं दुःख सरळ सांगतच नाही. मोठमोठे आकडे फेकतो, म्याडपणा करतो, आणि वाचता वाचता आपल्याच घशात काहीतरी अडकतं. हे पुस्तक आलं १९९४ साली, म्हणजे संतांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. कराडला ते भूगर्भशास्त्र शिकवायचे. थराखालचा थर उकलणं हा तर धंदाच त्यांचा! ते काही विसरले नव्हते.

मी विसरलो. माझं आजोळ तेरखेडा, फटाक्यांचं गाव. चौथीपर्यंत प्रत्येक सुट्टी तिथेच. गेल्या दिवाळीत एका फटाक्याच्या स्टॉलवर माझ्याच वयाचा एकजण म्हणाला, "वळखलं का रं?" मी हसून "हो" म्हणालो. तो म्हणाला, "आपली हीर आठवती का? सात बाजंची सुतळी सोडली तरी तळ लागत नव्हता." विहीर आठवली. तिच्यात वाकून मारलेल्या हाकासुद्धा आठवल्या. पण त्याचं नाव? लाप्लासचे फॉर्म्युले झोपेतही येतात मला!

त्याने पैसे घेतले नाहीत. रात्री मामीला हळूच त्याचं नाव विचारलं.