मोटारीची वाढीव वॉरंटी : घ्यावी कीं न घ्यावी ?

उसाचें बिल हातीं आलें किंवा द्राक्षांचा हंगाम साधला कीं आमच्या वर्गांतील पुष्कळ मंडळी हल्लीं चारचाकी घेतात, आणि त्यांत गैर असें कांहींच नाहीं. परंतु गाडीचा भाव ठरल्यावर शोरूममधील कारकून जे कागद पुढें सरकवितो, त्यांत वाढीव वॉरंटीचाही एक असतो. दहा-बारा लाखांच्या व्यवहारांत वीस-तीस हजारांची रक्कम डोळ्यांत भरत नाहीं, आणि घरची मंडळी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी असतांना घासाघीस करण्याचा संकोचही वाटतो. ज्या गृहस्थानें खताच्या गोणीमागें दहा रुपयांसाठीं चार दुकानें पालथीं घातलेलीं असतात, तोच येथें न वाचतां सही करतो. या सहीचा विचार आधींच घरीं बसून व्हावा, अशी आमची सूचना आहे.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करूं. कंपनीची मूळ वॉरंटी गाडीच्या किंमतींतच येते. तिचे पैसे आपण दिलेलेच असतात. दुसरी गोष्ट विमा. त्यांतील तृतीय पक्षाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा आहे, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठीं तो एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. वाढीव वॉरंटीची सक्ती मात्र कोणत्याही कायद्यानें केलेली नाहीं. गाडीचा पूर्ण विमा अपघाताचें नुकसान भरतो, आपोआप बिघडलेल्या यंत्राचें नाहीं. वॉरंटी सदोष भागाचें भरते, अपघाताचें नाहीं. हा भेद न कळल्यामुळें पुष्कळांचा हिरमोड होतो.

कोणी म्हणेल, पिकाचा विमा घ्या असें तुम्हीच सांगतां, मग तीच गोष्ट गाडीला कां लागू नाहीं ? उत्तर हिशेबांत आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत शेतकऱ्यानें खरिपाच्या अन्नधान्य व गळिताच्या पिकांसाठीं विमा रकमेच्या फार तर २ टक्के, रब्बीसाठीं दीड टक्का आणि नगदी पिकांसाठीं ५ टक्के भरावयाचे असतात. त्यावरील हप्ता सरकार भरतें. शिवाय गारपिटीनें एका दुपारीं बाग गेली तर घरच बसतें. वाढीव वॉरंटींत सरकारची दमडी नाहीं. दुरुस्तीचा खर्च, कंपनीचा नफा, विक्रेत्याचें कमिशन आणि वर १८ टक्के जीएसटी, हें सारें गिऱ्हाइकाच्या रकमेंतूनच निघावयाचें. तेव्हां सर्व गिऱ्हाइकांनीं मिळून भरलें त्यापेक्षां त्यांस परत मिळणारें कमीच असणार; तसें नसतें तर हा धंदा कोणी केलाच नसता.

उदाहरणादाखल असें धरूं कीं, वॉरंटीस २४,००० रुपये पडतात, आणि तिच्या मुदतींत ८०,००० रुपयांचें मोठें काम निघण्याचा संभव दहांत एक आहे. सरासरीनें तो खर्च ८,००० रुपयांचा झाला. आपण मोजले त्याच्या तिप्पट. हेच २४,००० गाडीच्या कर्जांत मिसळले, आणि कर्ज ५ वर्षांचें व व्याज १० टक्के असलें, तर फेडतांना ते सुमारें ३०,६०० होतात. ज्याच्यापाशीं बँकेंत लाख रुपये बाजूस पडलेले आहेत, त्यानें हा व्यवहार करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

आतां कागदाची मागील बाजू. क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर, टायर, बॅटरी, रबरी भाग, काचा हे झिजणारे व फुटणारे जिन्नस बहुधा वगळलेले असतात. आणि गाडी तीन-चार वर्षांची झाली म्हणजे खर्च येऊं लागतो तो मुख्यतः यांचाच. शेतकऱ्याच्या गाडीला तर आणखी खास शत्रू आहेत. वस्तीवर कडब्याच्या गंजीजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. ओढ्याला पाणी असतांना गाडी घातली तर तें इंजिनांत शिरतें. पिंपांतील भेसळीच्या डिझेलनें इंजेक्टर जातात. या तिहींची भरपाई वॉरंटींतून सहसा मिळत नाहीं. (उंदरांचा बंदोबस्त मांजर पुष्कळ स्वस्तांत करतें.)

दुसरी अट सर्व्हिसिंगची. तें ठरल्या मुदतींत आणि अधिकृत वर्कशॉपांतच व्हावें लागतें. तालुक्याचा मिस्त्री कितीही हुशार असो, त्याच्या हातून एक सर्व्हिसिंग झालें तरी पुढचा दावा नाकारण्यास निमित्त मिळतें. वर्कशॉप साठ-सत्तर किलोमीटरांवर असेल तर प्रत्येक खेपेचा दिवस व इंधन हेंही वॉरंटीच्या किंमतींत धरावें. शिवाय वर्षें व किलोमीटर यांपैकीं जें आधीं भरेल तेथें मुदत संपते. आठवड्यांतून दोनदां दूरच्या बाजार समितीस जाणाऱ्याची चार वर्षांची वॉरंटी अडीच वर्षांतही आटोपूं शकते.

असें असूनही कांहींनीं ती अवश्य घ्यावी, असें आमचें मत आहे. गिअर आपोआप बदलणारी गाडी, किंवा १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांची डिझेल गाडी, यांतील गिअरबॉक्स, टर्बो, धूर गाळणारी यंत्रणा व इलेक्ट्रॉनिक भाग गांवच्या मिस्त्रीच्या आवाक्यांतले नव्हेत आणि बदलावयास फार महाग पडतात. अशी गाडी पुष्कळ वर्षें ठेवावयाची असेल, वर्कशॉप जवळ असेल, आणि एकाएकीं लाखाचा खर्च आल्यास बियाण्याच्या पैशाला हात लावावा लागणार असेल, तर वॉरंटी घेण्यांत शहाणपण आहे. हातानें गिअर बदलावयाच्या साध्या पेट्रोल गाडीला आम्ही ती सुचविणार नाहीं. विजेच्या गाडीच्या मुख्य बॅटरीला पुष्कळ कंपन्या ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी मुळांतच देतात. तेव्हां वाढीव कागद नेमका कशाचा, हें विचारून घ्यावें.

घाईचें तर मुळींच कारण नाहीं. बहुधा मूळ वॉरंटी संपण्यापूर्वीं केव्हांही वाढीव वॉरंटी घेतां येते; उशीर केल्यास दर कांहींसा चढतो इतकेंच, आणि तोंवर गाडीचा स्वभाव कळलेला असतो. ती गाडीच्या कंपनीची आहे कीं दुसऱ्याच कोणाची, कोणत्या वर्कशॉपांत चालेल, गाडी विकल्यास नव्या मालकाच्या नांवें होईल कीं नाहीं, हें लेखी घ्यावें. तोंडी सांगणारा माणूस पुढच्या वर्षीं त्या शोरूमांत असेलच असें नाहीं.

दावा नाकारला गेल्यास कारणही लेखीच मागावें. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. तेवढ्यानें न भागल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जातां येतें, मग कंपनीची कचेरी मुंबईस असो कीं दिल्लीस. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास फी पडत नाहीं. सर्व्हिसिंगच्या पावत्या मात्र एकूण एक जपून ठेविलेल्या असाव्या लागतात.