पारा किती वेळात चढला?

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. इस्लापूर, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यातल्या फोटो स्टुडिओंत याच दिवसांत रात्र-रात्र व्हिडिओ रेंडर होत असतात आणि खोलीतला पाराही याच दिवसांत चाळिशी ओलांडतो. मग ‘वॉटर कूलिंग असूनही प्रोसेसर १०० वर जातोय’ अशी तक्रार घेऊन ग्राहक आपल्याकडे येतो. आपल्यातले अनेक जण आधी पेस्ट बदलतात, तेवढ्यानं भागलं नाही तर नवा कूलर गळ्यात मारतात. ग्राहकाचे हजारो रुपये जातात आणि तक्रार पुष्कळदा जागच्या जागी राहते. तापमान किती, हे सगळे पाहतात. ते किती वेळात चढलं, हे फार थोडे पाहतात. निदान मात्र तिथंच आहे.

लोड टाकताच एक-दोन सेकंदांत पारा ५० वरून ९५ वर उडाला, तर रेडिएटर खोलायचं कारण नाही. एवढ्या वेळात पाणी तापतच नाही. दोष प्रोसेसर आणि कोल्ड प्लेट यांच्यामध्ये असतो, नाहीतर बोर्ड देत असलेल्या विजेत. प्लेटवरची संरक्षक फिल्म तशीच राहिलेली असते, एका कोपऱ्याचा स्क्रू सैल असतो, किंवा जुना कूलर एलजीए १७०० सॉकेटवर जुन्याच ब्रॅकेटनं बसवलेला असतो. या सॉकेटची उंची आधीपेक्षा कमी आहे आणि भोकांमधलं अंतर ७५ ऐवजी ७८ मिलिमीटर आहे. जुळवून बसवलेला ब्रॅकेट पुरेसा दाब देत नाही.

विजेचंही तसंच. कोअर आय नाइन १४९००के साठी इंटेलनं ठरवलेली टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे. बरेच बोर्ड कारखान्यातूनच ती सैल सोडून येतात. बायोसमध्ये ती लावून पाहा, तेवढ्यानंच पारा पुष्कळ उतरतो. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचं मशीन असेल तर बायोस अद्ययावत कराच. जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर कायमचे खराब होत होते आणि २०२४ मध्ये इंटेलला त्यावर नवा मायक्रोकोड काढावा लागला. उलट रायझन ७००० मालिकेतला मोठा प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ ला स्थिरावला, तर तो बिघाड नव्हे. एएमडीनं त्याची रचनाच तशी केली आहे. हे ग्राहकाला समजावून सांगणं हेही आपलंच काम.

पारा मिनिटभरात चढत गेला, रिकाम्या मशीनवरही ७०-८० दाखवू लागला आणि रेडिएटर मात्र गार लागला, तर पंपाकडे वळा. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर २०० वॅट उष्णता घेऊनही ते जेमतेम तीन अंश तापतं. म्हणून निरोगी कूलरच्या दोन्ही नळ्या हाताला जवळपास सारख्याच लागतात. एक चटका देणारी आणि दुसरी गार, याचा अर्थ प्रवाह अडला. पंपाची वायर फॅनच्या हेडरवर असेल आणि बायोस त्याचा वेग कमी करत असेल, तर आधी ते सुधारा. रेडिएटर खाली आणि पंप सर्वांत वर, अशी मांडणी असेल तर हवा पंपात अडकते.

दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढणारा पारा सांगतो की पाणीच तापतंय. फिन्समध्ये धूळ, जिनिंगजवळच्या दुकानांत कापसाची तूस, उलटे बसवलेले पंखे. आणि खोली ४२ वर असेल, तर पाणी ४२ च्या खाली जाणारच नाही. खोलीतला डेझर्ट कूलर उपयोगी पडतो, पण त्याची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. तुषारांतले क्षार फिन्सवर आणि बोर्डावर बसतात.

उघड्या लूपमध्ये बोअरचं पाणी भरलेली मशीनही दुरुस्तीला येतात. आपल्या भागातलं जड पाणी ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचा क्षारांनी बुजवतं. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक, किंवा तयार कूलंट, याखेरीज काहीही भरू नये. तांब्याचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच लूपमध्ये जोडू नयेत.

पुण्याच्या आयसरमधला, २०१९ मध्ये ७९७ टेराफ्लॉप क्षमतेनं सुरू झालेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही थेट प्रोसेसरवरून द्रव फिरवूनच थंड ठेवला जातो. म्हणजे तंत्र भरवशाचं आहे. पण तिथं देखरेखीला माणसं आहेत. इस्लापूरच्या स्टुडिओत ऐन हंगामात पंप बसला, तर वॉरंटीचा माल परत येईपर्यंत मालकाचं काम बंद पडतं. एअर कूलरचा पंखा मात्र नांदेडहून दुसऱ्या दिवशी आणता येतो. म्हणून प्रोसेसर २०० वॅटच्या आत चालणार असेल, तर अशा गावांतल्या ग्राहकाला दोन टॉवरचा चांगला एअर कूलरच सुचवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या महिन्यापासून प्रत्येक जॉबकार्डावर तीन नोंदी करा: खोलीचं तापमान, लोडवरचं सर्वाधिक तापमान आणि तिथवर पोहोचायला लागलेला वेळ. त्या लिहिल्याशिवाय नवा कूलर विकू नका.