दात दाखवून अवलक्षण

फेब्रुवारी संपत आला की आमच्या एचआरचा मेल येतो. ग्रुप मेडिक्लेमचं वर्ष ३१ मार्चला संपतंय, ओपीडीची न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षात जोडली जाणार नाही, वगैरे. सहा वर्षं मी तो न वाचता उडवत आलो. यंदा उघडला, कारण त्याच आठवड्यात रामाकोन्याहून आईचा फोन होता. डाव्या बाजूने चावता येत नाही म्हणाली. "पण तू काळजी नको करू, मी उजवीकडून जेवते."

मेलमधली पीडीएफ वाचली तर दातांसाठी कुटुंबाला वर्षाला १०,००० रुपये होते, आईबाबा धरून. त्यांचा प्रीमियम दर महिन्याला माझ्याच पगारातून कापला जातो. म्हणजे सहा वर्षांत ६०,००० सोडून दिले होते. बीई होऊन एवढा गुणाकार करायला सहा वर्षं लागली.

आपल्याकडचा साधा आरोग्य विमा दंतवैद्याच्या खुर्चीतल्या खर्चाला सहसा हात लावत नाही. अपघातात जबडा मोडला, भरती व्हावं लागलं, तर गोष्ट वेगळी. आयुष्मान कार्डाचंही तेच, सत्तरीपुढच्यांना ते आता मिळतं, पण ओपीडीचा खर्च त्यात नाही. त्यामुळे कंपनीच्या पॉलिसीत 'डेंटल' शब्द दिसला तर मर्यादा किती आणि कशाकशाला नाही, हे बघून ठेवा. आमच्यात दात पांढरे करणं, तारा लावणं आणि इम्प्लांट बाद आहेत. अमेरिकेतल्या मंडळींचं वर्ष बहुधा ३१ डिसेंबरला संपतं. तिथे वर्षातून दोनदा दातांची सफाई बऱ्याच योजनांत फुकट असते, तीही लोक सोडून देतात म्हणे.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी घरी गेलो आणि दोघांना सौंसरला दंतवैद्याकडे नेलं. आईच्या दाढेला रूट कॅनाल लागणार होतं. इथे एक युक्ती कळली. रूट कॅनालचे दोन-तीन फेरे मार्चमध्ये आणि वरची कॅप एप्रिलमध्ये घेतली, तर दोन्ही खर्च दोन वेगळ्या वर्षांच्या रकमेत बसतात. मात्र दाढ तेवढं थांबू शकते का, हे डॉक्टरांना विचारूनच. आमचे म्हणाले, दोन-तीन आठवडे चालेल, तोवर त्या बाजूने कडक काही खाऊ नका. आई म्हणाली, तसंही कुठे खात होते.

क्लेम पहिल्यांदा परत आला. बिलावर नुसतं 'दाताचा इलाज' लिहिलं होतं. दाढेचा क्रमांक (आईची ३६ नंबरची, म्हणजे खाली डावीकडची), डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, आधीचा आणि नंतरचा एक्सरे, पैसे दिल्याची पावती, हे सगळं त्यांना हवं होतं. खुर्चीतून उठण्याआधीच मागून घ्या, नंतर फेऱ्या होतात.

आईचे ४,५०० गेले, म्हणजे ५,५०० उरले. म्हटलं, बाबांचे दात साफ करून घेऊ. बाबा संत्र्याच्या बागेतून हलायला तयार नव्हते. "माझे दात मजबूत आहेत ना बे, काहून पैसे घालवतं?" मी म्हटलं, पैसे कापले गेलेत बाबा, नाही वापरले तर कंपनीचे. हे मात्र लागू पडलं. भाजीवर कोथिंबीर फुकट मागून घेणारा माणूस, मोजलेला पैसा कसा सोडेल?

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. अजून उघडा म्हणाले. बाबा म्हणाले, एवढंच उघडतं. मग डॉक्टरांनी त्यांचीच तीन बोटं उभी धरून दातांत घालायला लावली. दोनच गेली, तीही कशीबशी.

वर्षभर बाबा तर्री बाजूला सारून वरण-भात खात होते. तोंड जळतं म्हणायचे, आम्ही ॲसिडिटी समजत होतो. खर्रा तीस वर्षांचा. मध्यंतरी तंबाखू सोडून ते गोड सुपारीवर आले होते आणि आम्ही खूश होतो. डॉक्टरांनी सांगितलं की गालाच्या आतली कातडी आवळते ती सुपारीनेच, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर होऊ शकतो. परतताना गाडीत कोणी बोललं नाही. रामाकोना स्टेशनच्या फाटकापाशी बाबा म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी दात दाखवले."

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तुकडा काढून तपासला. रिपोर्ट यायला लागलेले ते दिवस मी ऑफिसात काय कोड लिहिला, मलाच माहीत नाही. कॅन्सर नव्हता. गेलेली लवचीकता पूर्ण परत येत नाही, पण सुपारी कायमची बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. तिथलं बिल इतकं किरकोळ होतं की मी क्लेमही टाकला नाही.

आईची कॅप एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या पैशांतून बसली. बाबांना तोंड उघडण्याचा व्यायाम दिलाय. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची. परवा फोनवर मोठ्याने म्हणाले, एकोणीस बसल्या.

मागून आईचा आवाज आला, "अठरा."