एक रांग, दोन मते



२० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडच्या मतदाराने एकाच रांगेत उभे राहून दोनदा बटण दाबले. एक मत विधानसभेचे, पाच वर्षांसाठी. दुसरे लोकसभेच्या पोटनिवडणुकीचे. जूनमध्ये निवडून आलेले खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्टला वारले होते, त्यांची उरलेली मुदत भरून काढण्यासाठी. एका यंत्रावर पांढरी मतपत्रिका, दुसऱ्यावर गुलाबी. निकालाने शहरातले पंडित चक्रावले. या लोकसभा मतदारसंघातल्या विधानसभेच्या सहाही जागा महायुतीने घेतल्या, आणि त्याच गावांनी, त्याच दिवशी, खासदारकीला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १४५७ मतांनी निवडून दिले. कोणी कशासाठी कोणते बटण दाबले ते ज्याचे त्याला ठाऊक. पण दोन यंत्रे समोर ठेवली की खेड्यातला माणूस गोंधळतो, असे यापुढे कोणी आम्हाला सांगू नये. विहिरीवरच्या विजेचे गाऱ्हाणे मुंबईत न्यायचे आणि कापसाच्या आयातीचे दिल्लीत, हे आम्हाला कळते. ऑगस्ट २०२५ मध्ये आयातीवरचे ११ टक्के शुल्क दिल्लीनेच काढले होते.

आता अकोल्याचे बघा. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वारले. निवडणूक आयोगाने पोटनिवडणूक लोकसभेबरोबर, २६ एप्रिल २०२४ रोजी लावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. कारण असे की निवडून येणाऱ्याला एक वर्षाहून कमी काळ मिळेल आणि तेवढ्यासाठी निवडणुकीची गरज नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १५१-अ कलम म्हणते, जागा सहा महिन्यांत भरा. पण उरलेली मुदत वर्षाच्या आत असेल तर भरली नाही तरी चालेल. २०१९ साली काटोलची पोटनिवडणूकही लोकसभेबरोबर लागली होती आणि तीही याच वादात अडकली.

न्यायालयाचा मान आम्ही ठेवतो. हिशेब मात्र आमच्या पद्धतीने करून पाहतो. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती. म्हणजे आमदार वारले त्या दिवशी वर्षावर तेवीस दिवस शिल्लक होते. निवडून येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळायचे, तर तेवीस दिवसांत अर्ज, प्रचार, मतदान आणि मोजणी सगळे उरकायला हवे होते. ते कोणाच्या बापाला जमणार नव्हते. मुदत मोजायचीच तर जागा रिकामी झाली त्या दिवसापासून मोजा, निकालाच्या दिवसापासून नव्हे.

खर्चाचा मुद्दा काढतात. एरवी आम्हीही खर्चाला नावे ठेवतो. पण अकोल्याचा मतदार २६ एप्रिलला केंद्रावर जाणारच होता. शाळेची खोली तीच, बोटाची शाई तीच, बंदोबस्त तोच. वाढणार होते एक यंत्र आणि थोडी माणसे. त्याच्या बदल्यात मतदारसंघ वर्षभराहून अधिक काळ बिनआमदाराचा राहिला. त्यात एक अख्खा खरीप गेला.

चंद्रपूरची गत याहून वाईट. खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ रोजी वारले. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत, म्हणजे इथेही वर्षाच्या वर. तरी पोटनिवडणूक झालीच नाही. त्या वर्षी कापसाचा हंगाम आला आणि गेला, वरोरा-राजुऱ्याकडच्या कास्तकाराच्या नावाने लोकसभेत प्रश्न विचारायला कोणी नव्हते. पुण्याची जागाही तशीच रिकामी राहिली. तिथे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक घ्या म्हणून सांगितले, तर सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

आपल्याकडे सालगडी पाडव्याला धरतात. माघात तो निघून गेला तर उरलेल्या दोन महिन्यांसाठी कोणीतरी बघतोच ना आपण? बैल उपाशी ठेवून पाडव्याची वाट पाहत नाही. फार तर एकाच बैठकीत दोन्ही बोलणी उरकतो.

अशी दोन्ही बोलणी अमेरिकेत एकाच मतपत्रिकेवर होतात. टेक्सास हे त्यांचे सर्वांत मोठे कापसाचे राज्य. तिथल्या ह्यूस्टनच्या खासदार शीला जॅक्सन ली जुलै २०२४ मध्ये वारल्या. ५ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांच्या जागेसाठी दोन निवडणुका छापल्या गेल्या: ३ जानेवारीपर्यंतच्या दोन महिन्यांसाठी एक, पुढच्या दोन वर्षांसाठी दुसरी. लोकांनी पहिलीत त्यांची मुलगी एरिका ली कार्टर यांना आणि दुसरीत सिल्व्हेस्टर टर्नर यांना निवडले. दोन महिन्यांची खासदारकीही तिथे कोणी फालतू मानली नाही.

पण तीच सोय पुढे अंगलट आली. टर्नर मार्च २०२५ मध्ये वारले, आणि राज्यपालांनी पोटनिवडणूक थेट नोव्हेंबरच्या नेहमीच्या मतदानाच्या दिवसावर नेऊन ठेवली. त्यातही कोणाला बहुमत मिळाले नाही, म्हणून फेरमतदान ३१ जानेवारी २०२६ रोजी झाले. जवळजवळ अकरा महिने ह्यूस्टनची ती जागा रिकामी होती. दोन निवडणुका जोडायला आमची ना नाही. जोडण्याच्या नावाखाली जागा पडीक ठेवायला आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवत आहोत. १५१-अ कलमातले वर्ष जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून मोजावे. आणि सहा महिन्यांच्या आत दुसरे मतदान येत असेल, तर पोटनिवडणूक त्याच दिवशी घ्यावी, मग उरलेली मुदत कितीही थोडी असो. गावोगावचे ठराव सह्यांनिशी बैठकीला घेऊन या.