सुट्टीतली दुपार

थंडीतली सुट्टी दिवाळीची असो वा नाताळची, सुस्थित घरातील मुले तेव्हा मामाच्या गावी निघतात. मजुरीवर चालणाऱ्या घरापुढे मात्र पहिला प्रश्न उभा राहतो तो दुपारच्या जेवणाचा. आई पहाटेच कामावर जाते; घरी थांबली तर रोज बुडतो. मग दहा-अकरा वर्षांची थोरली मुलगी चूल पेटवते, धाकट्यांना वाढते आणि तळाशी उरेल ते स्वतः खाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात (तोच आम्ही आयुष्यभर शिकवला) तिच्या श्रमांना जागा नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेतील मोफत जेवणाचा हक्क दिला, पण शाळेच्या सुट्ट्या वगळून. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही हे जेवण देण्याचा आदेश दिला होता. सुट्टीत शाळेची चूल पेटू शकते, हे तेव्हाच मान्य झाले. मग त्यासाठी दुष्काळाचीच अट कशाला? राज्याने हा खर्च स्वतः उचलावा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतातच. त्यांत ही एक मांडण्यास अडचण कोणती, हे अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगावे.