जुने मोबाइल, बॅटऱ्या आणि खनिजांची सुरक्षा : हजरतगंजमधील नागरिकांना जाहीर आवाहन

लिथियम, कोबाल्ट आणि निकेल यांसाठी भारत जवळजवळ पूर्णपणे परदेशांवर अवलंबून आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत ही तिन्ही आहेत. असे परावलंबन किती महागात पडते ते एप्रिल २०२५ मध्ये कळले. चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधने घातली आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांसाठी भारतीय वाहन उद्योगाची धावपळ उडाली.

त्याआधीच भारताने हातपाय हलवले होते. २०१९ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी मिळून 'काबिल' ही कंपनी स्थापन केली. जानेवारी २०२४ मध्ये तिने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतातील पाच लिथियम क्षेत्रांसाठी करार केला. जून २०२३ मध्ये भारत अमेरिकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खनिज सुरक्षा भागीदारीत सामील झाला होता. असे करार हवेतच. पण शोध, परवाने आणि शुद्धीकरण यांत वर्षे जातात.

घरात पडून असलेला माल मात्र आजच हाताशी आहे. लखनौच्या हजरतगंज-लालबाग भागात, नाझा मार्केटसारख्या बाजारात, दुरुस्तीसाठी मोबाइल उघडला की फुगलेली बॅटरी दिसते. तिच्यात लिथियम आणि बहुधा कोबाल्टही असते. स्पीकरचा इवलासा तुकडा स्क्रू ड्रायव्हरला चिकटतो, तो त्यातल्या निओडिमियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याच्या चुंबकामुळे. हा माल रस्तोरस्ती फिरणाऱ्या कबाड्याकडे गेला, तर त्यातले मोलाचे बहुतेक वाया जाते. शिवाय प्रदूषण होते : मुरादाबादेत तांबे आणि सोने काढण्यासाठी सर्किट बोर्ड जाळले गेले. त्याची राख रामगंगा नदीच्या काठी साचली. आरोग्याचे नुकसान झाले ते वेगळेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अत्यावश्यक खनिजांच्या पुनर्चक्रीकरणासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखान्यांना माल मिळाला नाही, तर हा पैसा निरुपयोगी ठरेल. वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे देणे, हे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ग्राहकाचे कर्तव्यही आहे.

म्हणून हजरतगंज परिसरातील रहिवासी, दुकानदार आणि लखनौतील मराठी कुटुंबांना कळकळीची विनंती : खणात पडलेले मोबाइल, लॅपटॉप आणि बॅटऱ्या बाहेर काढाव्यात. आधी सिमकार्ड आणि खासगी माहिती काढून टाकावी. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये. ती ओल्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. हा माल अधिकृत संकलन केंद्रात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावा आणि पावती मागून घ्यावी.