फराटा आणि हात

केटे कोलवित्झ यांचं १९३३ सालचं एक आत्मचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तपकिरी कागदावर कोळसा. बाजूने दिसणारा चेहरा आणि समोर चित्र काढत असलेला पंजा, दोन्ही नीट घडवलेले. कपाळ आणि गाल तर बोटांनी चाचपावेत इतके भरीव. त्यांना जोडणारा हात मात्र शरीरशास्त्राच्या हिशेबात जवळजवळ नाहीच. तिथे आहे कोळशाची कांडी आडवी धरून झपाझप वरखाली ओढलेला एक रुंद फराटा. दंडाचा स्नायू नाही, बाहीची चुणी नाही. तरी हा कामात गुंतलेला हात आहे याबद्दल शंका उरत नाही.

आपल्या लाइफ क्लासमध्ये हे चित्र दाखवलं की दुसऱ्या दिवशी प्रत्येक इझलवर फराटे दिसू लागतात. मग मान फराट्यात, पाठ फराट्यात, पायही फराट्यात, आणि मॉडेलचा तोल कुठल्या पायावर होता हे विचारलं की सगळे गप्प. कोलवित्झना मधला भाग सोडता आला तो दोन्ही टोकं पक्की असल्यामुळे. शिवाय फराट्याची रुंदी हाताच्या जाडीला धरून आहे आणि त्याची दिशा खांद्याकडून मनगटाकडे जाते. तपशील गेला, मोजमाप गेलं नाही.

मातिसचं उदाहरण याहून उपयोगी, कारण त्यांनी आपल्या कामाचा क्रम उघड ठेवला. १९४३ साली निघालेल्या ‘थीम्स अँड व्हेरिएशन्स’ या त्यांच्या संग्रहात प्रत्येक मालिका कोळशाच्या चित्राने सुरू होते. ते पुसून, चोळून, पुन्हा रचून केलेलं असतं. त्यानंतर येतात पेनाने किंवा पेन्सिलीने एका दमात काढलेली रेखाटनं. आपण भिंतीवर लावतो ती ही दुसरी. पहिल्या चित्राचे कष्ट न घेता दुसऱ्याची ऐट आणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही (त्यात काही ज्येष्ठही आहेत).

या पहिल्या टप्प्याला कोळसा इतका जुळतो तो त्याच्या ढिलेपणामुळे. विलोच्या जाळलेल्या काडीत चिकटवणारं काही नसतं. भुकटी कागदाच्या खरबरीतपणात नुसती अडकून राहते. चिंधीने झटकली की रेष जाते, पण राखाडी सावली मागे उरते आणि पुढची रेष तिच्याशी ताडून पाहता येते. कॉम्प्रेस्ड चारकोलमध्ये बंधक असतो, तो असा सुटत नाही. म्हणून तो शेवटच्या काळ्यासाठी राखावा. विद्यार्थ्यांच्या हाती सुरुवातीलाच देणं मला चुकीचं वाटतं. फोटोवरून स्टम्पने गुळगुळीत घासलेल्या चेहऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, त्यांना बक्षिसं भरपूर मिळतात.

शिक्षक मित्रांना एक सुचवावंसं वाटतं. लांब पोझच्या वर्गात गुण देताना शेवटच्या कागदाबरोबर आधीचे कागदही मागवा. आम्हीही पुढच्या अंकापासून मानवाकृतीची रेखाटनं स्वीकारताना त्यामागचं निदान एक कोळशाचं काम सोबत मागणार आहोत. ते न पुसता, न सजवता पाठवावं; फिक्सेटिव्ह मारलेलं असलं की पुरे.